निवळ पाणी आणि मागून येणारी मेंढरे

शास्त्रभाग : यहेज्केल ३४ (विशेषतः वचने १७ ते २२)

वाचकांनी पुढे जाण्यापूर्वी पवित्र शास्त्र उघडून यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय संपूर्ण वाचावा, ही विनंती. अध्याय परिचयाचा आहे. मेंढपाळांनी मेंढरे चारण्याचे सोडून स्वतःचेच पोट भरले, हा देवाचा आरोप त्याच्या पूर्वार्धात आहे, आणि तो वाचला जात असता मंडळीचे डोळे पाळकसाहेबांकडे वळतात. उत्तरार्धातील २६ व्या वचनावरून आशीर्वादाच्या सरींची गाणी आपण आनंदाने गातो. या दोहोंच्या मधली सहा वचने मात्र आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येतात. कारण उघड आहे. तेथे देव मेंढपाळांना सोडून मेंढरांकडे वळतो.

संदेष्टा त्या काळी बाबेलच्या देशात, खबार नदीच्या काठी, बंदिवानांमध्ये राहत होता. यरुशलेम पडल्याची बातमी आदल्याच अध्यायात (३३:२१) त्याच्या कानी आली आहे. नगर गेले, मंदिर गेले, आणि लोक स्वाभाविकपणे राजांना बोल लावीत आहेत. देव त्यांचे म्हणणे खोटे ठरवत नाही. पहिली दहा वचने राजांवरच आहेत. परंतु सतराव्या वचनापासून तो सांगतो की न्याय मेंढपाळांचाच होईल असे नाही, मेंढरामेंढरांमध्येही होईल. पुष्ट मेंढरू एकीकडे, रोडके मेंढरू दुसरीकडे.

पुष्ट मेंढरांवर आरोप कोणता? त्यांनी चांगले कुरण खाल्ले, हा नव्हे. निवळ पाणी प्याली, हाही नव्हे. कुरण देवाने दिलेले आणि पाणीही त्यानेच दिलेले. भुकेल्याने खावे, तान्हेल्याने प्यावे, यात अपराध कसला? आरोप असा की, खाऊन उरलेले गवत त्यांनी पायांखाली तुडवले आणि पिऊन उरलेले पाणी पायांनी गढूळ केले. आणि मागून आलेल्या मेंढरांच्या वाट्याला तेच तुडवलेले गवत व तेच गढूळ पाणी आले. इब्री भाषेत येथे पाण्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ गाळ खाली बसून स्थिर झालेले पाणी असा होतो. आपल्या मराठीत त्याला ‘निवळलेले’ हा नेमका शब्द आहे, आणि ज्या घरात पावसाळ्याचे पाणी तुरटी फिरवून रात्रभर हंड्यात ठेवले जाई त्या घरातील माणसांना तो समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक बारकावा शिक्षकांनी वर्गाच्या लक्षात आणून द्यावा. दख्खनच्या माळावर धनगराचा कळप ओढ्यावर उतरताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो चटकन कळेल. पुढची मेंढरे पाण्यात शिरतात. त्यांचे तोंड निवळ पाण्यात असते आणि पायही त्याच पाण्यात असतात. ती मुद्दाम काही करीत नाहीत. ती फक्त पाणी पीत असतात, आणि मागे वळून पाहत नाहीत. आपल्या पापांगीकाराच्या प्रार्थनांत जिभेचे पाप, डोळ्यांचे पाप, हातांचे पाप आठवले जाते. हे जे पायांचे पाप आहे, जे तहान भागवता भागवता घडते आणि ज्याचा करणाऱ्याला पत्ता नसतो, त्याला आपल्या प्रार्थनांत फारशी जागा नाही. पर्यावरणाचे संकट म्हणून आज जे बोलले जाते, त्यातील पुष्कळसा भाग या पायांच्या पापाचा आहे, असे आम्हास वाटते. यहेज्केलाने ते अडीच हजार वर्षांपूर्वी देवाच्या न्यायासनापुढे आणून ठेवले आहे.

आपल्या नळाचे पाणी

हैदराबादेत राहणाऱ्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांनी हा अध्याय वाचताना शेजारी नकाशा ठेवावा. मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर, बीदरकडून संगारेड्डीकडे येते. इकडे तिला मंजिरा म्हणतात. १९६० च्या दशकापासून हैदराबाद तिचे पाणी पीत आले आहे. पुढे या शतकाच्या आरंभी कृष्णेचे पाणी नागार्जुनसागराच्या बाजूने आणले गेले, आणि २०१५ च्या सुमारास गोदावरीचे येल्लमपल्लीहून. गोदावरी त्र्यंबकेश्वरची आणि कृष्णा महाबळेश्वरची, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघून गेला, पण त्याच्या डोंगरावरचा पाऊस अजून येथल्या नळाला येतो. आमच्या उपासनामंदिरात लेकरांच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे जे पाणी शिंपडले जाते, त्यात बीडच्या माळावर पडलेल्या पावसाचा अंश असतो.

वरच्या अंगाला कोणी काय केले याचा परिणाम खालच्या अंगाला कसा पोहोचतो हे २०१६ च्या उन्हाळ्यात दिसले. मांजरेवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल रोजी पोहोचली. दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. मिरज म्हटले की आपल्याला वॉनलेस इस्पितळ आठवते. त्या उन्हाळ्यात ते नाव पाण्यासाठी घेतले गेले. इकडे खाली सिंगूर व मंजिरा हे जलाशयही आटले आणि हैदराबादला कृष्णा-गोदावरीवर दिवस काढावे लागले. लागोपाठच्या वर्षांचे अवर्षण हे त्याचे एक कारण होते. कमी पावसाच्या त्याच खोऱ्यात फोफावलेला ऊस हे दुसरे.

मांजरेच्या बाबतीत, तर, आम्ही मागून येणारी मेंढरे आहोत. मुसीच्या बाबतीत पुढची.

मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते, हैदराबादच्या मधून वाहते आणि सुमारे २४० किलोमीटरांचा प्रवास करून नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेस मिळते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला आलेल्या पुरात सुमारे १५,००० माणसे मेली, असे इतिहास सांगतो. वरच्या भागातील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले होते. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली म्हणतात. ते झाड आजही दाखवतात. या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिच्या ईसा या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) हे तलाव बांधले गेले. पुरापासून रक्षण आणि पिण्याचे पाणी, दोन्ही एकाच कामातून साधले. त्यांच्या पाणलोटात दहा किलोमीटरपर्यंत प्रदूषण करणारे कारखाने व मोठी बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ मध्ये शासनाने आदेश क्रमांक १११ काढला. ८४ गावे त्यात आली. एप्रिल २०२२ मध्ये ही बंधने उठवण्याचा आदेश निघाला. शहराला आता दुसरीकडून पाणी मिळते, असे कारण देण्यात आले. अठरावे वचन शेजारी ठेवून हे कारण वाचावे. आपली तहान दुसरीकडे भागली की या पाण्याची काळजी नको, असाच त्याचा अर्थ होत नाही काय?

तलावांखाली मुसी शहरात शिरते ती नदी म्हणून, आणि पूर्वेकडे बाहेर पडते ती बहुतांशी सांडपाणी म्हणून. शुद्धीकरणाची केंद्रे आहेत, त्यांत अंबरपेठचे मोठे आहे, आणि अलीकडे आणखी बांधली गेली आहेत. तरी शहराची भूक त्यांच्यापेक्षा नेहमी दोन पावले पुढे राहिली. खालच्या गावांचे काय झाले याचा अभ्यास पाटणचेरू येथे कार्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या संशोधकांनी या शतकाच्या आरंभी केला. तो वाचून आमच्या मनात जे साधे चित्र होते ते मोडले. आम्हास वाटे की घाण पाण्यामुळे शेतकरी नुसते हवालदिल झाले असतील. प्रत्यक्षात मुसी बारमाही वाहते ती या सांडपाण्यामुळेच, आणि जेथे पूर्वी एक पीक निघत नसे तेथे त्या पाण्यावर कुटुंबे पोट भरतात. शहरालगत भाताऐवजी म्हशींसाठी पॅरा गवत पिकवले जाऊ लागले, पालेभाजी झाली, खाली नलगोंड्याकडे बंधारे घालून त्याच पाण्यावर भात होतो. पाण्यात उभे राहून गवत कापणाऱ्या बायकांच्या पायांना खाज व फोड येतात, विहिरींचे पाणी पिण्यास निरुपयोगी झाले आहे, आणि तरीही ते पाणी बंद झालेले त्यांना परवडणार नाही. एकोणिसावे वचन हेच सांगते. रोडक्या मेंढरांनी गढूळ पाणी पसंत केले असे तेथे नाही. त्यांना तेच प्यावे लागते. आणि ते गवत खाणाऱ्या म्हशींचे दूध शहरातच येते, हेही येथे नमूद करून ठेवू.

पाटणचेरूची गोष्ट अधिक कठीण आहे. शहराच्या वायव्येस १९७० च्या दशकात ही औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि औषधांची मूळ द्रव्ये बनवणारे कारखाने तेथे पुष्कळ आले. त्यांचे पाणी नक्कावागू ओढ्यात व तेथून मांजरेत जाऊ लागले. तळी, विहिरी, शेते नासली. १९९० मध्ये हे प्रकरण याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले. कारखान्यांचे पाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र १९९० च्या दशकात सुरू झाले. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की, या केंद्रातून शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जंतुनाशक औषध एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात जे जंतू जगतात ते औषधाला दाद न देणारे असतात, आणि ते ओढ्यात राहत नाहीत, माणसांत येतात. पुढे हे पाणी सुमारे १८ किलोमीटरांच्या नळाने अंबरपेठच्या केंद्राकडे नेण्यात आले, म्हणजे मांजरेऐवजी मुसीकडे. जे औषध जालन्याच्या किंवा नगरच्या दवाखान्यात एखाद्या लेकराचा ताप उतरवते, तेच उगमाशी दुसऱ्या लेकराच्या पाण्यात आहे. कारखाने वाईट, इतके म्हणून येथे सुटता येत नाही.

‘सत्ता चालवा’ म्हणजे काय?

१९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहून ठपका ठेवला की या संकटाचे मूळ ख्रिस्ती शिकवणीत आहे. उत्पत्ती १:२८ मध्ये मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली, आणि त्याने ती ओरबाडली. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते आणि त्यांनी असिसीच्या फ्रान्सिसकडे पाहण्यास सांगितले, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. त्यांचा आरोप आम्हास अर्धा खरा वाटतो. त्या वचनाचा उपयोग परवान्यासारखा केला गेला आहे. परंतु वचनाचा अर्थ तो नव्हे, आणि याला साक्षीदार यहेज्केलच आहे.

उत्पत्ती १:२८ मध्ये सत्ता चालवण्यासाठी इब्री क्रियापद ‘रादा’ आहे. हेच क्रियापद यहेज्केल ३४:४ मध्ये येते, जेथे मेंढपाळांनी मेंढरांवर जबरदस्तीने व कठोरपणे सत्ता चालवली म्हणून देव त्यांना कामावरून काढतो. सत्ता असणे हा त्यांचा गुन्हा नाही. दुबळ्याला बळ न देणे, जखम न बांधणे, हरवलेले न शोधणे हा गुन्हा. त्याच अध्यायात, अकराव्या वचनापासून, खरी सत्ता कशी असते हे देव स्वतः मेंढपाळ होऊन दाखवतो. तेव्हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील शब्दाचा अर्थ ज्याला पाहिजे त्याने मेंढपाळाच्या काठीत पाहावा, आणि पुढे योहानाच्या दहाव्या अध्यायात पाहावा, जेथे आपला प्रभू हाच अध्याय उचलून उत्तम मेंढपाळ आपला प्राण देतो असे सांगतो.

दुसरा शब्द उत्पत्ती २:१५ मध्ये आहे. आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यास व तिला राखण्यास. ‘राखणे’ याला इब्री ‘शामार’. दोन अध्याय पुढे काइन देवाला उलट विचारतो की मी भावाचा राखणदार आहे काय (४:९). तेथे तेच क्रियापद. याजकांच्या आशीर्वादात परमेश्वर तुला राखो असे म्हणताना (गणना ६:२४) पुन्हा तेच. जमीन राखणे, भाऊ राखणे आणि देवाने आपल्याला राखणे या तीन गोष्टींना पवित्र शास्त्रात एकच शब्द आहे. काइनाने भाऊ राखला नाही तेव्हा ओरड कोणी केली? जमिनीने. हा पाठ घेताना शिक्षकांनी उत्पत्ती ४:१० ते १२ जरूर वाचून दाखवावे.

काही बंधू म्हणतात, पृथ्वी शेवटी जळून जाणारच आहे (२ पेत्र ३:१०), आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, झाडे लावणे सरकारचे काम. त्यांना एवढेच सांगावयाचे की त्याच अध्यायातील सहावे वचन वाचा. जलप्रलयाने त्या वेळचे जग नाश पावले, असे पेत्र तेथे म्हणतो. तरी नोहा तारवातून उतरला तो याच पृथ्वीवर, आणि देवाने करार केला तो प्रत्येक जिवंत प्राण्याशी (उत्पत्ती ९:१०). पेत्र अग्नीची गोष्ट सांगतो ती आपले वागणे कसे असावे हे विचारण्यासाठी.

पाणी कशाने बाटते?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत पाण्याची एक आठवण आहे. मराठवाड्यातील कित्येक खेड्यांत नदीवर वरच्या अंगाला एकांचा पाणवठा आणि खालच्या अंगाला दुसऱ्यांचा, अशी वाटणी होती. आपले आजे-पणजे कोणत्या पाणवठ्याचे, हे वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा पाणी बाटले म्हणून ते गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्याचा विधी झाला. जो समाज माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते म्हणत होता, त्याच समाजात आज कारखान्याच्या नाल्याने पाणी बाटत नाही. आम्ही हे कोणा एका जातीवर दोष ठेवण्यासाठी लिहीत नाही. खालच्या पाणवठ्याचे लोक आज शहरात सदनिकेत राहतात, वरच्या अंगाचे झाले आहेत, पगारदार आहेत, देवाच्या कृपेने त्यांची लेकरे शिकली आहेत. गवत कापणारी बाई आता खालच्या पाणवठ्यावर उभी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी खालचे पाणी प्यायले त्यांना अठरावे वचन इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

आमच्या अभ्यासवर्गात एक तरुण येतो. तो शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला आहे. यहेज्केल ३४ चा वर्ग झाल्यानंतर तो मागे थांबला आणि म्हणाला, “भाऊ, रात्री टँकर भरून बाहेर जातो. कुठे रिकामा होतो ते सगळ्यांना माहीत आहे. मी बोललो तर नोकरी जाईल. घरी आई आहे, बहिणीचं लग्न ठरलंय. मग ही वचनं माझ्यासाठी आहेत की साहेबांसाठी?”

आम्ही त्याला लूक ३:१० ते १४ वाचून दाखवले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले. प्रत्येकाने विचारले, आम्ही काय करावे? योहानाने कोणालाही नोकरी सोडण्यास सांगितले नाही. तुमच्या त्याच जागी जे पाप सर्वमान्य झाले आहे तेवढे करू नका, असे सांगितले. परंतु पुढे आम्हास हेही म्हणावे लागले की एकट्या माणसाला संदेष्टा होण्यास सांगणे फार सोपे असते, विशेषतः दुसऱ्याच्या पगारावर. त्याने तोंड उघडले आणि काम गेले, तर सहा महिने त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्यास मंडळी तयार आहे काय? मंडळीच्या दानपेटीत त्या कारखान्यांच्या पगारातील दशांश येतो. म्हणजे प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. हा विषय कमिटीपुढे ठेवावा असे आम्ही सुचवले आहे. अजून तो निघालेला नाही. तरुण अजून तेथेच कामाला आहे आणि वर्गाला येतो.

नदी स्वच्छ करण्याच्या कामातही हा अध्याय सोबत ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून मुसीच्या सुधारणेच्या योजनेसाठी काठावरच्या घरांवर तांबड्या खुणा करण्यात आल्या. चादरघाटच्या बाजूची कित्येक घरे पाडली गेली आणि कुटुंबांना शासनाने बांधलेल्या सदनिकांत हलवण्यात आले. पुराच्या पात्रात घर असू नये, हे १९०८ ने आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने शिकवले आहे. त्याविषयी वाद नाही. पण २१ वे वचन पाहा. पुष्ट मेंढरे दुबळ्यांना कुशीने व खांद्याने ढकलतात, शिंगांनी हुंदडतात, आणि शेवटी त्यांना दूर पांगवतात. नदी ज्यांनी गढूळ केली ते बहुतेक तिच्यापासून दूर, उंचावर राहतात. ती निवळ व्हावी म्हणून हलावे लागले ते काठावरच्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांना आणि हातगाडीवाल्यांना, ज्यांचे काम काठाजवळच होते. नदी स्वच्छ व्हावी अशी प्रार्थना करणाऱ्यांनी या कुटुंबांची मुले शाळेत पोहोचतात की नाही हेही विचारावे, असे आम्हास वाटते.

मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील मेंढरे व शेरडे यांचा निवाडा आपण सर्व जाणतो. प्रभूने ते चित्र याच अध्यायाच्या १७ व्या वचनावरून घेतले, हे ध्यानात ठेवून तो भाग पुन्हा वाचला तर ‘तान्हेला’ हा शब्द वेगळा ऐकू येतो. तेथे डावीकडचे लोक आश्चर्याने विचारतात की प्रभू, तू तान्हेला कधी होतास? ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी त्याला पाहिलेच नव्हते. तो त्यांच्या मागे, ओढ्याच्या खालच्या अंगाला उभा होता.

वरच्या अंगाला राहूनही निराळे वागता येते, याचे उदाहरण आपल्याच लोकांत आहे. मांजरेचा उगम ज्या बालाघाटात आहे, त्याच डोंगररांगांत जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम आरंभले. इस्पितळ हवे म्हणून गेलेल्या या ख्रिस्ती जोडप्याला गावकऱ्यांनी सांगितले की आधी पाणी आणि अन्न. मग खेड्यांतील अशिक्षित बाया आरोग्यसेविका झाल्या, पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, आणि औषधांच्या बरोबरीने झाडे लागली, बांध पडले, पाणी अडले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण त्यांचे नाव वैद्यकीय सेवेच्या यादीत घेतो, ते बरोबरच आहे. पण ज्या डोंगरावर पाणी अडून मुरते त्याच्या खालच्या गावाला पाणी निवळ मिळते, म्हणून या पाठातही ते नाव असावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांकरिता दोन शब्द. लहान मुलांना ‘पर्यावरण’ हा शब्द शिकवण्याची घाई करू नये. तो त्यांना शाळेत मिळतो आणि निबंधात संपतो. त्यांना फळ्यावर चर्चमधला नळ काढायला सांगावा. नळाच्या मागे रेघ ओढत जावी, जलाशय, नदी, डोंगर, जेथपर्यंत माहीत असेल तेथपर्यंत. मग मोरीच्या पुढे रेघ ओढावी. आमचा अनुभव असा की मागची रेघ मुले भराभर काढतात आणि पुढची रेघ गटाराच्या झाकणाशी थांबते. झाकणाखालून पाणी कोठे जाते हे शोधून आणण्याचे काम पुढच्या रविवारी मोठ्या मुलांना द्यावे. ज्या गावात मंडळी आहे तेथील नगरपालिकेचा माणूस आनंदाने सांगतो. पुणे, सोलापूर, नांदेड, कोल्हापूर, कोठेही नदीचे नाव बदलेल इतकेच. मोठ्यांच्या वर्गात कापणीच्या उपासनेनंतर जेवणाच्या पत्रावळ्या व पेले कोणत्या नाल्यात गेले, एवढी एक गोष्ट तपासली तरी चर्चेला विषय पुरेल.

पुढील पाठासाठी यहेज्केल ४७:१-१२ घरी वाचून यावे. तेथे मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते आणि ते उपासकांच्या आवारात थांबत नाही. खाली, खाऱ्या समुद्राकडे जाते आणि वाटेवरचे सर्व काही जिवंत करते. हा भाग सणाच्या दिवशी वाचताना दहाव्यावरून एकदम बाराव्या वचनावर जाण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. वर्गात अकरावे वचन गाळू नये. नदी आली तरी ज्या दलदली निवळल्या नाहीत, त्या खाऱ्याच राहिल्या, असे त्यात आहे. त्या कोणत्या, याचा विचार करून यावे.